अजगराचा उपास

चिमट्यातला मेलेला उंदीर जिनेशनं पुन्हा एकदा हलवला. अजगरानं बघितलं, जीभ काढली आणि पालथ्या मडक्याखाली जाऊन बसला.

"आजबी खाल्लं न्हाय," जिनेश फोनवर कुजबुजला.

"मरंल की मग त्यो!" पलीकडून यशराज ओरडला. पुण्यात नोकरी लागली म्हणून त्यानं आपला परदेशी जातीचा पाळीव अजगर जिनेशच्या गळ्यात मारला होता. "कुत्र्यापेक्षा सोपा हाय, भुंकत न्हाय," एवढंच सांगून.

गच्चीवरच्या खोलीत, मोठ्या पेटीत जिनेशनं त्याचा संसार मांडला होता. उबेला दिवा, प्यायला पाणी, लपायला मडकं. खाली वडिलांचं धान्याचं दुकान. आणि घर आईचं, म्हणजे चंदनाबाईंचं. दिवस मावळला की तिथं कुणी घास तोंडात घालत नाही आणि बटाट्याला उंबरा ओलांडायची परवानगी नाही. त्या घरात जिनेशनं आइस्क्रीमच्या डब्यातून उंदीर आणला होता.

अजगरानं खाल्लं तर उंदराचं पाप, नाही खाल्लं तर अजगराचं. कसंही धरलं तरी जिनेशच्याच माथी.

"पोट फुगलंय रं त्याचं. मधीच गाठ आल्यागत. आणि खात न्हाय तरी घाण करतोय."

यशराजचा आवाज एकदम खाली आला. तो हळू बोलला म्हणजे प्रकरण गंभीर.

"डॉक्टरला दाखव."

"कुठल्या? म्हशीच्या?"

जिन्यावर बांगड्या वाजल्या. जिनेशनं फोन बंद केला, चिमटा पाठीमागं धरला. दार उघडून आई आत आली. तिनं पेटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तिचे डोळे भरले.

"आईपास्नं लपवतोस व्हय रं?"

जिनेशनं चिमटा आणखी मागं सरकवला. "आई, मी सांगणारच हुतो..."

"मला कवाच कळलंय." तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. "मंदिरात सगळ्या बायकांना सांगितलं. म्हटलं, सापळ्यात घावलेल्या उंदरांसाठी माझ्या जिनूनं घर बांधलंय. ऊब हाय, पाणी हाय, लपायला मडकं हाय. दुकानात घावला की मी हितंच आणून सोडते. सकाळी बघावं तर गेलेला असतोय बिचारा आपल्या वाटेनं."

मग तिनं डोळे पुसले आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "या गं सगळ्या वर! पिंजरे सांभाळून, एकेक करून!"