आणखी एकच कागद

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सासूबाई कठडा धरून मटकन पायरीवर बसल्या.

"लिफ्टनं आलो असतो तर एव्हाना काम उरकलं असतं," सुनेच्या तोंडून निघून गेलंच. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. "बसा आई. दमानं जाऊ."

लिफ्टचं दार मिटलं की सासूबाईंचा जीव गुदमरायचा. परदेशातल्या लेकीकडून परत येताना विमान हवेत असं काही आपटलं, की डोक्यावरचा कप्पा उघडून कुणाची तरी बॅग त्यांच्या खांद्यावर आदळली. हाड मोडलं, ते जुळलंही. पण चाळीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवलेली बाई आता न्हाणीघराचं दार उघडं टाकून अंघोळ करत होती, आणि नातेवाईक म्हणत होते, नाटकं! मनाच्या डॉक्टरांचे उपचार पैशांवाचून अर्ध्यावर राहिले होते. विमान कंपनीनं भरपाई दिली तरच ते पुढे जाणार होते.

कंपनीचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. ही अकरावी खेप. एवढ्या खेपा देवाच्या दारी घातल्या असत्या तर तो पावला असता.

दारातच तोफ बसायची. हे नाव सुनेनं ठेवलेलं. चौकशीच्या टेबलावरची ती जाड भिंगांच्या चष्म्याची बाई, माणूस दिसलं की धडाडायची. "परत आलात? इथं काय मिळणारेय तुम्हाला? कोर्टात जा ना, कोर्टात!" दर खेपेला हेच. गेल्या महिन्यात तर तिनं सासूबाईंच्या हातातली फाईल हिसकावून टेबलावर आपटली होती. "रद्दीत घाला ही! भांडायचंय ना? मग कोर्टात जाऊन भांडा, इथले जिने झिजवू नका!" सगळ्यांदेखत. सासूबाई रडतच खाली उतरल्या.

सुनेच्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी तिनं दोन पानी तक्रार लिहून भरपाईचं काम बघणाऱ्या साहेबांच्या हातात दिली.

आज तोफ गप्प होती. टेबलाचा खण उपसून ती डबा, कंगवा, जुन्या चपला पिशवीत कोंबत होती. या दोघींना पाहून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब स्वतः बाहेर आले. तोफेनं पुन्हा खणात डोकं घातलं.

"हाकललं वाटतं," सून सासूबाईंच्या कानाशी पुटपुटली. "बरी खोड मोडली."

साहेब म्हणजे देवमाणूस. सासूबाईंचा जीव घाबरा होऊ नये म्हणून दाराखाली लाकडी ठोकळा लावून ते केबिन सताड उघडी ठेवायचे. पाणी स्वतः ओतून द्यायचे. विमान कोणत्या तारखेला उतरलं तेसुद्धा त्यांना पाठ होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं समजावलं होतं. "नुसतं मनाला लागलं असतं तर नियमात बसवणं अवघड होतं. पण आजी, तुमचं हाड मोडलंय. त्याच दुखापतीनं मनावर परिणाम झाला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की झालं. एकच कागद."

मग एक्स-रेची मूळ प्रत. मग बोर्डिंग पास. मग डॉक्टरांचं पत्र जुनं झालं, नवं आणा. डॉक्टर परगावी. सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर पुसट. सुनेच्या निम्म्या रजा यातच गेल्या. वैतागून ती एकदा म्हणालीही, वकील गाठू का?

साहेबांचा चेहरा पडला होता. "गोडीनं मिटतंय ते कोर्टात नेणार? आजींना तिथं बंद खोलीत उभं करतील, उलटसुलट विचारतील. झेपेल त्यांना?"

सासूबाईंनीच सुनेचा हात दाबला. नकोच ते.

यावेळी शेवटचा कागदही आठवडाभर आधीच हातात आला होता. पण साहेब रजेवर जाणार होते. "सोळा तारखेला या, निवांत बघू," ते फोनवर म्हणाले. म्हणून आज.

साहेबांनी एकेक कागद उलटून पाहिला. "वा! सगळं चोख."

"म्हणजे झालं एकदाचं?" सुनेनं विचारलं. सासूबाई पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.

साहेबांनी खणातून एक पाकीट काढलं. आतलं पत्र टाईप होऊन, सही-शिक्क्यासकट तयार होतं. सून मोठ्यानं वाचू लागली.

'विमान उतरल्यापासून दोन वर्षांच्या आत कोर्टात दावा दाखल न झाल्यास भरपाईचा हक्क संपुष्टात येतो. आपली मुदत काल, पंधरा तारखेस संपली आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"अहो, पण आम्ही दीड वर्ष इथं येतोय!"

"इथं येणं म्हणजे दावा नव्हे, ताई. वाईट वाटतं हो. पण नियमापुढे माझा काय इलाज?" साहेब उठले, आणि वाकून त्यांनी दाराखालचा ठोकळा काढून घेतला.

दार आपसूक मिटायला लागलं. सासूबाई धडपडत बाहेर पळाल्या, त्यांच्यामागे कागद गोळा करत सून.

जिन्याच्या तोंडाशी तोफ पिशवी घेऊन उभी होती. सुनेच्या हातातलं पत्र तिनं नुसतं पाहिलं, वाचायला मागितलं नाही.

"दीड वर्ष घसा फोडून सांगत होते, कोर्टात जा म्हणून," ती म्हणाली. तिचा आवाज आज पहिल्यांदाच खाली होता. "साहेबांचं दार कायम उघडं, माझा शब्दन् शब्द आत ऐकू जायचा. गोडीनं सांगितलं असतं, तर ही नोकरी पहिल्याच दिवशी गेली असती."