याहून तेज

दिवाळीपासून कृष्णराव गाडीच्या हेडलाइटचे बल्ब तिसऱ्यांदा बदलत होते. गौतमपुऱ्याच्या रस्त्यावर काही दिसतच नाही, म्हणे. नथू मेकॅनिकने दुकानातला सगळ्यात तेज बल्ब लावला, तशी समोरची भिंत दिवसाढवळ्या पांढरीफटक झाली. सून प्राचीने डोळ्यांवर ओढणी घेतली. कृष्णराव मात्र पापणी न लववता थेट बल्बाकडे बघत राहिले. “मंदच आहे, भिया. याहून तेज दाखव.” “काकाजी, याच्यावरचा बल्ब तर येतच नाही.” नथू प्राचीकडे वळून पुटपुटला, “भाभी, गाडी आप चला लो.” लायसन्स तिच्या पर्समध्येच होतं, पण सासऱ्यांकडे किल्ली मागायची नवऱ्याचीही छाती नव्हती. मागच्या सीटवर तिचा लेक झोपला होता. “बस गाडीत, उशीर होतोय,” म्हणत कृष्णराव आत बसले आणि स्टिअरिंगखाली किल्लीचं भोक चाचपू लागले. शेजारच्या सीटवर बसून प्राचीने वाट पाहिली. मग अदबीने त्यांचा हात धरून किल्ली भोकात बसवून दिली.