बेटाचा आवाज

भगवानरावांना तरुणपणी एकच नाद होता. नेरडीगोंड्याजवळच्या त्यांच्या गावात दूर समुद्रातल्या एका बेटाचं रेडिओ स्टेशन कसंबसं लागायचं. आधी लाटांचा आवाज यायचा, मग निवेदकाचा. ते सगळं ते कॅसेटवर भरून ठेवायचे.

आज त्या निवेदकाच्या मुलीचा फोन आला. वादळात समुद्र स्टेशनात घुसला होता, जुनं एकही रेकॉर्डिंग उरलं नव्हतं.

"बाबा गेले. त्यांचा आवाज आता कुठेच नाही," ती हिंदीत म्हणाली. "ते तुमची पत्रं रेडिओवर वाचायचे, म्हणून तुम्हाला शोधून काढलं."

"माझ्याकडे आहे ना! फोन ठेवू नका," म्हणत भगवानराव पेटीकडे धावले. आत कॅसेटची नुसती रिकामी खोकी होती.

"काऊन वं, यातल्या फिती कुठी गेल्या?"

त्यांच्या पत्नी बयनाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "तुमचा टेप तं कवाचाच बिघडला. पाखरं कणसं ठेवून नाई राह्यले, म्हून म्या फिती वावरात बांधल्या. आता एक पाखरू येत नाई, पाहा जाऊन."

भगवानराव फोन हातात घेऊन तसेच वावरात गेले. ज्वारीवर या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणलेल्या काळ्या फिती वाऱ्यावर घुमत होत्या. तिला खरं काय ते सांगायला त्यांनी फोन कानाला लावला.

तेवढ्यात फोनमधून तिचा रडवेला आवाज आला.



"बंद करू नका हं... लाटा ऐकू येतायत. आता बाबा बोलतील."