तिसरा वाडगा

टेबलावर न्याहारीच्या कॉफीचे तीन वाडगे मांडलेले बघून मिरेयनं ते पुन्हा मोजले. घरात माणसं दोन. ती आणि तिची आई, ओनोरीन. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

"आई, तिसरा कुणाला गं?"

"असू दे," म्हातारी म्हणाली आणि पाव कापत राहिली.

झालं. डोक्यावरही परिणाम व्हायला लागला वाटतं, मिरेयच्या मनात आलं. दाराशी आईची बॅग भरून उभी होती. अकरा वाजता खाली शहरातल्या वृद्धाश्रमात पोचायचं होतं. खोली बघून ठेवली होती, दक्षिणेकडे खिडकी असलेली. आश्रमवाले ती आजच्या दिवसापर्यंतच राखून ठेवणार होते.

मिरेय काल संध्याकाळी डोंगरावर आली, ती हेच ठरवून. उन्हाळ्यात या गावात पाय ठेवायला जागा नसते. लोक वेशीची कमान बघतात, दगडी घरं बघतात, खिडक्यांचे फोटो काढतात आणि आइस्क्रीम खाऊन उतरतात. पण नोव्हेंबरात अकरा धुराड्यांतून धूर निघतो, बास. गाडी वेशीपाशीच थांबते आणि पुढे बेचाळीस पायऱ्या. आईचं वय चौऱ्याऐंशी.

"रात्री पडलीस तर? सकाळी उठलीच नाहीस तर? कुणाला कळणार आहे?" काल जेवताना मिरेय अगदी रडकुंडीला आली होती.

म्हातारीनं सूप संपवलं, वाडगा पावानं पुसला. "एवढंच ना तुझं म्हणणं? कुणाला कळणार, एवढंच?"

"एवढंच."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि झोपायला गेली.

आई इतक्या सहज कबूल होईल असं मिरेयला वाटलं नव्हतं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि आता हे. म्हातारीनं रविवारचा निळा पोशाख घातला होता, केस चापूनचोपून बसवले होते. पण आठ वाजायला आले तरी खिडकीच्या लाकडी झडपा बंदच. दिवा लावून बसली होती. दिवस उजाडलाय याचंही भान नाही! मिरेय झडपा उघडायला उठली.

"हात लावू नकोस!" आई केवढ्यांदा ओरडली. "थंडी येते."

जन्मात कधी हिला थंडी वाजली नव्हती. बर्फातसुद्धा आठच्या ठोक्याला ही बाई झडपा उघडायची. मिरेय परत येऊन बसली. तिला भरून आलं. ज्या आईनं आपल्याला या पायऱ्यांवर चालायला शिकवलं, तिलाच आज हाताला धरून उतरवायचं, या विचारानं तिनं हातातला पाव खाली ठेवला.

चर्चच्या घंटेचे आठ ठोके पडले. म्हातारीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. असं करत दहा मिनिटं गेली.

"आई, कुणाची वाट बघतेयस? बाबा नाहीत गं आता..."

"ठाऊक आहे मला. मीच पुरलंय त्यांना. कॉफी पी."

तेवढ्यात बोळात धाडधाड पावलं वाजली आणि दारावर काहीतरी लोखंडी आदळलं.

"ओनोरीन! अगं ए ओनोरीन! जिवंत आहेस का? दार फोडतोय मी!"

मिरेयनं धावत जाऊन दार उघडलं. समोरच्या घरातला गास्पार. अंगात पायजमा, त्यावर ओव्हरकोट, एका पायात चप्पल, दुसऱ्यात रबरी बूट आणि हातात पहार. दोन्ही घरांच्या मधली गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून खिडकीत मीठ देता यावं. पण एकोणीस वर्षांत मीठ नाही की शब्द नाही. देखण्या गावांच्या यादीत नाव यावं म्हणून साऱ्या गावाच्या झडपा एकाच राखाडी रंगाच्या करायचं त्यानं कमिटीत ठरवून घेतलं होतं. बाबांनी हौसेनं लावलेला हिरवा रंग तेव्हा खरवडावा लागला. त्या दिवसापासून ओनोरीननं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"झडपा बंद!" गास्पार धापा टाकत होता. "आठ वाजून दहा मिनिटं झाली! एकोणीस वर्षांत आठचा ठोका चुकला नाही हिचा. मला वाटलं, गेली. मदतीला बंबवाल्यांना फोन केलाय मी, निघालेसुद्धा असतील..."

मग त्याला टेबलाशी बसलेली, नटलेली ओनोरीन दिसली. पहार त्याच्या हातातून गळून पडली. डोळे पुसत तो ओरडला, "अशी थट्टा करतात का गं माणसाची? या वयात?"

"बंबवाल्यांना सांग, येऊ नका म्हणावं," म्हातारी म्हणाली. तिनं तिसऱ्या वाडग्यात कॉफी ओतली. "आणि बस. साखर दोनच चमचे ना अजून?"

गास्पार बसला. मिरेय त्या वाडग्याकडे बघतच राहिली. मग तिनं दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आईच्या पलंगावर नेऊन ठेवली. परत येऊन तिनं झडपा सताड उघडल्या. समोर गास्पारची खिडकी होती. काचेआड एक खुर्ची होती, बरोबर याच खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. तिची गादी बसून बसून खोलगट झाली होती.

मागून आईचा आवाज आला. "दहा मिनिटं लावलीस की रे. मी पाचच धरली होती."

"एक चप्पल सापडेना."

"मग उद्यापासून दोन्ही दाराशीच काढत जा."