मधला ठोका

या मायबापहो, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेले, तुम्हीसुद्धा. एका म्हातारीच्या तळहाताची गोष्ट सांगतो.

म्हातारीने जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पुढे डोळे गेले. मुलगा जन्माचा मुका. छत्र्या दुरुस्त करायचा. सूनबाईही दुकानात बसून मोडक्या काड्या तारेने बांधायची. दोघांचीही बोटं खरखरीत.

संध्याकाळी मुलाच्या चपला दारात वाजल्या की म्हातारी तळहात पुढे करायची.

"आलास? हं, तुझ्याच धंद्यातला शब्द. अम्-ब्रे-ला. तुकडे तीन. जोर कुठे?"

तळहातावर बोट पडायचं. ठक्, टुक्, टुक्. जोर पहिल्यावर.

"मधल्यावर, गाढवा! अरे, लॅटिनमधल्या सावलीच्या शब्दाचं हे नातवंड. छोटी सावली. तिला आल्या आल्या टपली मारतोस?"

"आई, गाढव माझ्या नवऱ्याला म्हणताय हां!" सूनबाई आतून ओरडायची. तळहातावरचा हात हसून हसून हलायचा.

मग म्हातारीचं हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी सूनबाईला बाजूला घेऊन बजावलं, "आता यांना कसलाही धक्का सोसायचा नाही."

शिकवणी चालूच राहिली. चपला वाजायच्या, बोट पडायचं, पहिल्यावरच. फक्त सूनबाई तेवढा वेळ गप्प असायची.

एका सकाळी पेज भरवून घेताना म्हातारी म्हणाली, "सूनबाई, देवाकडे आता एकच मागणं. डोळे मिटायच्या आत एकदा तरी तो मधला ठोका नीट पडू दे."

"पडेल हो आई," सूनबाई म्हणाली. "देव काय बहिरा आहे?"

संध्याकाळी चपला वाजल्या. म्हातारीने तळहात पुढे केला.

"अम्-ब्रे-ला. जोर कुठे?"

बोट क्षणभर थांबलं. मग टुक्, ठक्, टुक्.

म्हातारी पुढे सरकली. "पुन्हा वाजव."

टुक्, ठक्, टुक्.

तिने ते बोट मुठीत घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने मनगट कुरवाळलं.

"सूनबाई," ते बोट न सोडता ती म्हणाली, "कधी गेला गं माझा लेक? उद्याही आईने शिकवावं म्हणून तो मुद्दाम चुकायचा. एवढं त्याचं लक्षात ठेव."