शेपूट आलं का?

अरे, ऐका तर! जुन्या राजवाड्याच्या संग्रहालयात एका तरुणीचे बाबा गाईड होते. ते गेले, पण कानाला लावायच्या यंत्रात माहिती सांगणारा आवाज अजून त्यांचाच होता. उद्यापासून तोही बदलणार होता, म्हणून ती शेवटचं ऐकायला आली.

"सावकाश बघा हं ताई," तिकीटवाल्या मावशी म्हणाल्या, "आज तुमच्याशिवाय काळं कुत्रंही फिरकलेलं नाही."

सगळं तिला तोंडपाठ होतं. तलवारी, चिलखतं, राणीचा आरसा, शेवटी सिंहासनाचं दालन. तिथे बाबा "धन्यवाद" म्हणाले की संपलं.

पण आज "धन्यवाद" झालं आणि बाबा चक्क मोजायला लागले. "एक, दोन, तीन..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दालन सोडताना ते पर्यटक असेच मोजायचे, पण हे काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं! लहानपणी ती सगळ्यांच्या मागे रेंगाळायची, म्हणून मोजणी कायम तिच्यावर संपायची.

"...सव्वीस. आणि माझं शेपूट आलं का?"

तिनं तोंड घट्ट दाबून धरलं. ती "आले" म्हणेपर्यंत बाबा जागचे हलायचे नाहीत. मग कशाला बोलतेय ती! डोळ्यांतून धारा लागल्या. कानात बाबांचा श्वास येत होता. ते थांबले होते.

तेवढ्यात पाठीमागून, यंत्रातून नाही, त्या रिकाम्या दालनातून, एक चिमुरडा आवाज धापा टाकत ओरडला, "आले, बाबा!"

"चला मग," बाबा म्हणाले.

आणि दोघांची पावलं लांब लांब जायला लागली.