बांधाकडच्या सहा ओळी

कौसल्या कागद मुठीत धरूनच झुंबरबाईच्या दारात उभी राहिली. वडीगोद्रीच्या फाट्यापासून उन्हात चालत आली होती. पायात चपला आहेत की नाहीत, हेही तिला आठवत नव्हतं.

झुंबरबाई ओसरीवर डाळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ये माय. बस."

"बसायला न्हाई आले. तुमचा तळतळाट लागला मला. प्लॉट फेल झाला."

कागद बियाणं कंपनीचा होता. अर्धा एकर संकरित कपाशी, तिच्या बियांची तपासणी. पहिल्या वेचणीचं बी पास. दुसऱ्या वेचणीचं फेल, तिसऱ्याचं फेल. कंपनीच्या साहेबानं कागद जीपमधूनच हातात दिला. "भेसळ निघाली, बाई," म्हणाला, आणि काच वर केली.

नवरा गेला तेव्हा दीर बद्रीनाथ चार माणसांत बोलला होता. "एक साल वावर वहिनीकडं. प्लॉट पास झाला तर जन्मभर करा. फेल झाला तर पाडव्यापासून मी करीन, तुम्ही घरात सुखानं बसा." माणूस वाईट नव्हता. बाईला शेती जमत नाही, याची त्याला फक्त खात्री होती. पाडवा पाच दिवसांवर आला होता. येताना कौसल्यानं पाहिलं, नांगर आजच तिच्या वावरात येऊन उभा होता.

तसं या कामाला ताकद लागत नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपारी अंगठ्याच्या नखानं सोलायची. आतले परागाचे पिवळे दाणे काढून टाकायचे आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल तिच्यावर फिरवायचं, दोरा बांधायचा, झालं. पण बुडाशी एखादा पिवळा दाणा राहून गेला, तर ती कळी आपल्याच परागावर बोंड धरते. वरून दोरा तोच, बोंड तसंच. आत बी मात्र भलतंच. हे कळतं ते तपासणीचा कागद आल्यावर, म्हणजे काही करता येत नाही तेव्हा.

कौसल्या आणि झुंबरबाई धरून या कामाला सहा बाया होत्या. प्रत्येकीला सहा ओळी. बांधाकडच्या सहा कौसल्यानं स्वतः घेतल्या, कारण बद्रीनाथ रोज दुपारी बांधावर येऊन उभा राहायचा. काही बोलायचा नाही. नुसता उभा. तो पाहतोय म्हटलं की तिचे हात पळायचे. साडेतीनलाच तिच्या ओळी संपायच्या. सगळ्यांत आधी. मग ती म्हैस पिळायला घरी जायची आणि दिवस बुडताना परत यायची. तोवर बाया गेलेल्या असायच्या. उंच कपाशीत एकट्या झुंबरबाईचा पदर तेवढा हलताना दिसायचा. एक टोपी उचल, आत डोकाव, नख फिरव, टोपी ठेव. मग दुसरी.

"मावशी कळ्यांना न्हाऊमाखू घालून राह्यल्या," बाया हसायच्या.

"टोपीखाली कळी हाये का पळाली, ते पाहतेत त्या," द्वारकाबाई म्हणायची.

झुंबरबाईही हसायची. हात थांबायचा नाही.

महिनाभरानं बद्रीनाथ बांधावरून पहिल्यांदा बोलला. "वहिनी, तुमच्या बाईला सहा ओळींना दिवस पुरंना. अशी करून राह्यल्या का तुम्ही शेती?"

कौसल्याचे कान तापले. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "मावशी, उद्यापासून येऊ नका. इतकं हळू काम मला जमायचं न्हाई."

झुंबरबाईनं कंबर सरळ केली. काही सांगायला तिनं तोंड उघडलं, बांधाकडे पाहिलं आणि मिटलं. हात पदराला पुसून ती गेली. तिच्या ओळी बाकीच्यांनी वाटून घेतल्या. आता सगळ्यांचंच काम चारला संपू लागलं.

"आता झाल्या तुम्ही खऱ्या शेतकरी," बद्रीनाथ म्हणाला. ते शब्द कौसल्याला पुढं कितीतरी दिवस गोड लागले होते.

आता ओसरीवर झुंबरबाईनं तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. उलटसुलट करून तिनं तो परत दिला.

"पास कोणतं झालं म्हणतीस?"

"पहिलं. तुम्ही होत्या तोवरच्या कळ्यांचं. तुम्ही गेल्या आणि सगळं नासलं." कौसल्यानं कागद मुठीत चुरगाळला. "मला एवढंच सांगा मावशी. सहाच तर ओळी होत्या. सहा ओळींना दिवस बुडतो का कोणाचा? काय करत होत्या तुम्ही अंधार पडेपर्यंत?"

झुंबरबाई उठली. तिनं गल्लीत वाकून पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं. तरी दार अर्धं लोटून घेतलं, पाण्याचा तांब्या कौसल्यापुढं ठेवला आणि अगदी हळू म्हणाली,

"माझ्या ओळी तर चारलाच सरायच्या, माय. मंग मी तुह्या पाहायची."